वीस बाजूंच्या फाशाचा जमाखर्च

नोकरीच्या निमित्ताने पुण्याहून, नाशिकाहून, बेळगाव-कोल्हापुराहून बंगळुरूस येऊन राहिलेल्या, आणि येथेच कायमचे बिऱ्हाड थाटावयाचे की चार वर्षांनी परतावयाचे याचा निकाल अद्याप न लावलेल्या तरुण मंडळींपैकी काहींना शनिवारच्या संध्याकाळी खेळावयाच्या एका खेळाचा नाद लागलेला असतो. आणि त्या खेळाविषयी घरच्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘हे असते तरी काय?’ असा असला, तरी दुसरा प्रश्न हटकून ‘ह्याला पैसे किती पडतात?’ असाच असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ही मंडळी तासभर उत्साहाने देतात. दुसऱ्यापाशी मात्र ती अडखळतात, कारण शून्यापासून वीस हजारांपर्यंत कोणताही आकडा सांगितला तरी त्याला आधार दाखवता येतो.

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या प्रकारात चार-सहा माणसे एका टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण, ज्याला ही मंडळी ‘डीएम’ म्हणतात, तो कथेचा सूत्रधार असतो. जग त्याने उभे करावयाचे आणि त्यातील राजे, चोर, खानावळवाले व राक्षस ह्या सर्वांच्या तोंडचे बोलणेही त्यानेच बोलावयाचे. उरलेले जण प्रत्येकी एकेक पात्र घेतात, आणि त्या पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी व सामानसुमान ‘कॅरेक्टर शीट’ नामक एका कागदावर आकड्यांत मांडलेले असते. सूत्रधार म्हणतो, ‘गढीचा दरवाजा आतून बंद आहे, आणि आत कुणीतरी खोकतंय.’ एक जण म्हणतो, ‘मी फटीतून बघतो.’ ‘टाक वीसचा.’ वीस बाजूंचा फासा पडतो, त्यावर चौदा येतात, त्यांत पात्राच्या निरीक्षणशक्तीचे तीन मिळवून सतरा होतात, आणि सूत्रधाराने मनाशी धरलेल्या पंधराच्या मर्यादेपेक्षा ते अधिक असल्यामुळे फटीतून दिवा दिसतो, दिव्यापाशी बसलेला म्हातारा दिसतो, आणि म्हाताऱ्याच्या मांडीवरची उपसलेली तलवारही दिसते. फासा तिनावर थांबता तर नुसता अंधार दिसता आणि कथा निराळ्या वाटेला लागती. ह्यात कोणी जिंकत नाही व कोणी हरत नाही. कोकणातला दशावतारी नट ज्याप्रमाणे ठरलेल्या आख्यानावर, हाती लिखित संहिता नसताना, संवाद उभ्या उभ्या रचीत रात्र जागवतो, त्याच जातीचा हा व्यवहार आहे. फरक इतकाच की येथे प्रेक्षक नसतात आणि आख्यानाचा शेवट सूत्रधारालाही ठाऊक नसतो.

आता खर्चाकडे वळावयाचे तर प्रथम ह्या खेळाचे कूळ पाहिले पाहिजे, कारण आज जे महाग भासते ते मुळात फार स्वस्त होते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा ह्या कुळाचा मूळपुरुष १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानातल्या लेक जिनिव्हा ह्या लहानशा गावी जन्मला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. लाकडाच्या रंगाच्या खोक्यात तीन पातळ पुस्तिका घालून ती खोकी घरच्या घरी भरली गेली, आणि किंमत ठेवली १० डॉलर, म्हणजे त्या काळच्या विनिमयदराने सुमारे ८० रुपये. वीस बाजूंचे, बारा बाजूंचे असे चमत्कारिक आकाराचे फासे गायगॅक्स यांना सापडले ते शाळांना शैक्षणिक साहित्य पुरविणाऱ्या एका सूचिपत्रात. गंजखाऊ राक्षस आणि घुबडास्वल ही ह्या खेळातील पुढे जगप्रसिद्ध झालेली जनावरे हाँगकाँगला तयार झालेल्या, चार-आठ आण्यांच्या मोलाच्या, कसल्याशा प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचली. खेळणे काय दाखवीत आहे हे कोणालाच न कळल्यामुळे त्याला नाव आणि स्वभाव कल्पनेने द्यावा लागला. ज्या खेळाच्या आद्यपुरुषांनी स्वस्त मालाच्या दुकानातील मोडकी-तोडकी जनावरे टेबलावर मांडून राक्षस निर्माण केले, त्याच खेळात आज एकेका रंगविलेल्या मूर्तीसाठी तरुण मंडळी हजार-हजार रुपये मोजतात, ह्याला व्यापाराची प्रगती म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे.

हा खेळ काढणारी मूळ कंपनी १९९७ साली ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने घेतली, आणि त्या कंपनीला १९९९ साली ‘हॅस्ब्रो’ ह्या खेळण्यांच्या बड्या पेढीने पोटात घातले. तेव्हापासून नियमांच्या आवृत्त्या नियमाने निघत आल्या आहेत. आज ह्या खेळाची त्रयी मानली जाते ती अशी: खेळाडूंचे पुस्तक, सूत्रधाराचे पुस्तक आणि राक्षसांचा कोश. २०२४ साली निघालेल्या नव्या खेळाडू-पुस्तकाची पृष्ठे ३८४ आणि छापील किंमत ४९ डॉलर ९९ सेंट. इतर दोहोंचीही तेवढीच. आजच्या दराने एकेक पुस्तक चार हजारांच्या वर जाते, आणि तिन्ही मिळून तेरा हजारांच्या घरात. त्यावर फासे, त्यावर चौकटी आखलेला पट, त्यावर मूर्ती, त्यावर मूर्तींचे रंग आणि कुंचले, आणि ह्या सर्वांवर, फाशांनी टेबलाखाली लोळू नये म्हणून, मखमल लावलेली एक तबकडी. नवागत मनुष्य इंटरनेटवर यादी पाहतो, बेरीज करतो, आणि तो खेळ आपल्यासाठी नव्हे असे ठरवून मोकळा होतो.

परदेशातून माल मागवावा तर सरकारी जकातीचे प्रकरण उभे राहते. जुलै २०१९च्या अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क बसविले, ते तरी सोसण्याजोगे आहे. पण खेळण्यांवरील शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले. त्यामुळे पुस्तक, फासे आणि प्लॅस्टिकच्या मूर्ती एकाच खोक्यात बंद होऊन आल्या म्हणजे तो ऐवज कोणत्या सदराखाली धरला जातो ह्यावर पुष्कळ अवलंबून राहते. पूर्वी परदेशस्थ आप्ताने पाठविलेली ५ हजार रुपयांपर्यंतची भेट विनाजकात येत असे. डिसेंबर २०१९मध्ये, राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळून, तीही सवलत रद्द झाली. ह्यावरचा तोडगा मराठी कुटुंबांना सांगावयास नको: सॅन होजेहून दिवाळीस येणाऱ्या आत्येभावाच्या बॅगेत चॉकलेटांच्या शेजारी राक्षसांचा कोश येतो, आणि आत्या त्याचे मुखपृष्ठ पाहून तो देवघराच्या खोलीत ठेवू देत नाही.

परंतु माझे म्हणणे असे आहे की, ह्या तेरा हजारांपैकी एक रुपयाही पहिल्या वर्षी खर्च करण्याचे वस्तुतः कारण नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे मूलभूत नियम कंपनीनेच २०१४पासून विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. त्याहून महत्त्वाची घटना जानेवारी २०२३ची. इतर प्रकाशकांना नियम वापरण्याची जी मुभा २००० सालापासून चालत आली होती ती आखडती घेण्याचा विचार कंपनीने केला. जगभरच्या खेळाडूंनी त्याविरुद्ध एवढा गदारोळ माजविला की, त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने माघार घेऊन सुमारे ४०० पृष्ठांचा नियमसंग्रह क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली सर्वांना कायमचा खुला करून टाकला. ह्याचा अर्थ सामान्य वाचकाच्या ध्यानी सहसा येत नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. मूळ कर्त्याचा श्रेयनिर्देश केला की हा संग्रह कोणीही उतरवून घ्यावा, छापावा, त्याचे मराठीत भाषांतर करावे, आणि ते भाषांतर विकून चार पैसेही मिळवावेत; त्यासाठी परवानगीचा अर्ज कोठेही करावा लागत नाही. एखाद्या मराठी प्रकाशकाने अद्याप ही संधी साधलेली माझ्या पाहण्यात नाही. ‘वीरधवल’ कादंबरीवर पोसलेल्या वाचकांच्या भाषेत ती साधली जावी अशी मात्र फार इच्छा आहे.

शिवाय ह्या क्षेत्रात डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजेच सारे काही, असेही नाही. क्रिस गॉनरमन यांचा ‘बेसिक फँटसी’ हा खेळ संगणकावर फुकट मिळतो आणि छापील प्रत जवळजवळ छपाईच्या खर्चात. योकाई गाल यांचा ‘केर्न’ चोवीस पानांत आटोपतो आणि तोही फुकट. ग्रँट हॉविट यांचा ‘हनी हाइस्ट’ तर एका कागदावर मावतो: प्रत्येक खेळाडू अस्वल असतो, मधाचा मोठा साठा लुटण्याचा कट असतो, पात्राला दोनच गुण असतात, एक अस्वलपणाचा व दुसरा गुन्हेगारीचा, आणि ल्यूडोच्या डबीतला साधा सहा बाजूंचा फासा पुरतो. प्रथमच खेळणाऱ्या पाच जणांना मी नेहमी ह्याचीच शिफारस करतो. एका संध्याकाळात तो संपतो, कोणाला नियम पाठ करावे लागत नाहीत, आणि ज्याला हा प्रकार आवडावयाचा नाही त्याला तीन तासांत ते कळून येते. हा शोध विनाखर्च लागणे ही काही लहानसहान बचत नव्हे.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. महाग पुस्तकांच्या चोरट्या प्रती संगणकावरून उतरवून घेण्याचा परिपाठ आपल्याकडे सर्रास आहे, आणि ‘परवडत नाही’ हे त्याचे समर्थन नेहमी ऐकू येते. ज्या वस्तूचा पुरेसा भाग कर्त्याने राजीखुशीने फुकट दिला आहे, तिचा उरलेला भाग चोरण्यासाठी गरिबीचा दाखला जोडणे मला पटत नाही. घ्यावयाचे ते फुकटचे घ्यावे, नाही तर पैसे टाकून घ्यावे.

फाशांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नवागताच्या मनातील पहिली वस्तू तीच. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे, व शेकड्याच्या दहमांसाठी आणखी एक, असा सात फाशांचा संच येथे दोन-चारशे रुपयांस मिळतो आणि तो हाती खुळखुळविण्यात गंमत आहे हे कबूल. परंतु त्यावाचून अडत नाही. १९७९च्या सुमारास खुद्द मूळ कंपनीलाच फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा तिने खेळाच्या खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेल्या कागदी चिठ्ठ्या घातल्या आणि त्या पेल्यात घालून काढण्यास ग्राहकांना सांगितले. पुढे फासे मिळू लागले तेही आकड्यांत रंग न भरलेले, सोबत मेणखडू दिलेला, की घरी बसून ज्याचे त्याने रंगवावेत. चिठ्ठ्यांपेक्षाही सुटसुटीत युक्ती पत्त्यांच्या कॅटची आहे. बदामाची आणि इस्पिकाची एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने वेगळी काढली की वीस पाने होतात. बदामाचे पान आले तर त्यावरचा आकडा तसाच धरावा, इस्पिकाचे आले तर त्यात दहा मिळवावेत, आणि पान परत घालून कॅट पिसावा. प्रत्येक आकडा येण्याचा संभव विसांत एक, म्हणजे वीस बाजूंच्या फाशाइतकाच काटेकोर. आठ बाजूंचा फासा हवा असेल तेव्हा एकाच रंगाची अठ्ठीपर्यंतची पाने घ्यावीत. ज्यांच्या घरी सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा असेल त्यांचे काम तर आयतेच झाले, कारण त्यात दहा अवतारांचे दहा रंग असून प्रत्येक रंगात दहा आकडी पाने आणि राजा व प्रधान अशी बारा पाने असतात, म्हणजे एक रंग उचलला की बारा बाजूंचा फासा तयार. अर्थात १२० हाती रंगविलेल्या गोल पानांचा तो संच राक्षसांच्या कोशालाही किमतीत मागे टाकू शकतो, आणि तो ह्या कामी वापरलेला पाहून घरातील जाणती माणसे काय म्हणतील याची हमी मी घेत नाही.

मूर्तींची तजवीज बंगळुरूकरांना अधिकच सोपी आहे. म्हैसूरच्या रस्त्याने साठेक किलोमीटर गेले की चन्नपट्टण लागते. तेथील कारागीर कुड्याच्या जातीचे मऊ लाकूड चरकावर धरून, त्यावर फिरत्या स्थितीतच लाखेची कांडी टेकवून, लाल, पिवळ्या, हिरव्या बाहुल्या उतरवितात. ती लाख घर्षणाच्या उष्णतेने वितळून लाकडावर बसते आणि वर पानाने घासली की चकाकते. बोटाएवढ्या अशा पाच बाहुल्या टेबलावर पाच वीर म्हणून अगदी शोभून दिसतात. राक्षसांसाठी बाटल्यांची बुचे आहेतच. ज्या मुलखात तिसरे कृष्णराज वोडेयर यांनी राजवाड्यात बसून नवनवे पटखेळ रचले आणि ‘श्रीतत्त्वनिधी’ ह्या ग्रंथाचा एक संपूर्ण निधी, म्हणजे भाग, कौतुकांना दिला, त्याच मुलखात देवळांच्या फरसबंदीवर कोण्या रिकामटेकड्यांनी छिन्नीने कोरलेले पटही ठायी ठायी आढळतात. त्यांवर खडे मांडून खेळणाऱ्यांना राजाच्या हस्तिदंती सोंगट्यांची उणीव भासली असेल असे वाटत नाही.

मग ह्या खेळात खर्च कोठे आहे? तो आहे जागेत आणि वेळेत, आणि बंगळुरूत ह्या दोन्ही वस्तू पुस्तकांहून महाग आहेत. पाच माणसांना सलग चार तास, आवाज चढला तरी कोणाची हरकत नसलेले एक टेबल हवे. बीटीएम लेआउटच्या पीजीत राहणाऱ्यास पाहुणे आणण्याची मनाई असते. कोरमंगला, इंदिरानगर, एचएसआर लेआउट ह्या भागांतील बोर्डगेम कॅफे हा दुसरा मार्ग. तेथे माणशी काही शे रुपये बसण्याचे पडतात, वर कॉफी आणि फ्राइज, आणि कॅफेने सूत्रधार पुरविला असेल तर त्याचे मानधन. ते अनाठायी आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही, कारण अनोळखी शहरात खेळणारे सोबती तेथेच भेटतात. पण महिन्यातून चार वेळा गेल्यास वर्षाकाठी पुस्तकांच्या त्रयीहून अधिक रक्कम जाते, ती कोणी मोजत नाही. प्रवासाचेही तेच. ऑगस्ट २०२५पासून येथील रिक्षाचा सरकारी दर पहिल्या दोन किलोमीटरला ३६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १८ रुपये आहे. जयनगरातल्या मित्राकडे व्हाइटफील्डहून वीस किलोमीटर यावयाचे तर मीटरने ३६० रुपये, जाऊन येऊन ७२०, आणि मीटरने यावयास राजी होणारा रिक्षावाला भेटणे हा वीस बाजूंच्या फाशावर वीसच पडण्यासारखा योग. म्हणून अनुभवी मंडळी खेळाचे घर ठरविताना यजमानाच्या दिवाणखान्याची लांबी पाहत नाहीत. मेट्रोचे स्थानक चालण्याच्या अंतरावर आहे की नाही एवढेच पाहतात.

एवढे करूनही पाच जणांची संध्याकाळ जुळत नाही ती नाहीच. एकाची रात्रपाळी, एकाच्या कंपनीचे अमेरिकेशी बोलणे, एकीचे आईवडील गावाहून आलेले. ह्या खेळाच्या मोहिमा राक्षसांनी मारल्या नाहीत तेवढ्या वेळापत्रकाने मारल्या, असे खेळाडूच थट्टेने म्हणतात, आणि ज्यांनी चार कॅम्पेन अर्धवट सोडली आहेत त्यांना त्यात फारशी थट्टा दिसत नाही. संगणकावरून खेळण्याची सोय २०१२ साली सुरू झालेल्या ‘रोल-ट्वेंटी’सारख्या संकेतस्थळांवर विनामूल्य आहे आणि रस्त्यावरील कोंडीला भिणाऱ्या शहरात ती पुष्कळ वापरली जाते. तीत टेबलाभोवतीचा रंग भरत नाही हे खरे, पण न खेळण्यापेक्षा ते बरे.

खर्चाची आणखी एक बाब आहे व तीच मला सर्वांत अन्यायाची वाटते. खेळाडूने एक पेन्सिल आणावी आणि यावे. सूत्रधाराने मात्र पुस्तके घ्यावयाची, गुरुवार-शुक्रवारच्या रात्री गणिताच्या चौकटीच्या वहीत गढीचे नकाशे काढावयाचे, खानावळवाल्याला नाव आणि त्याच्या बायकोला आजारपण द्यावयाचे, आणि बहुधा त्याच्याच घरी सर्व जमत असल्यामुळे चहापोह्यांचेही पाहावयाचे. मग पाचांपैकी दोघांनी शनिवारी दुपारी तीन वाजता ‘जमत नाही रे’ असा निरोप पाठवावयाचा. तेरा हजारांची त्रयी पाच जणांत विभागली तर माणशी २ हजार ६०० होतात, हा हिशेब अपूर्णांकांत न शिरताही करता येण्याजोगा असताना, दर टेबलाला ती सारी रक्कम एकाच्याच खिशातून का जावी हे मला कधी उमगले नाही.

ह्यावर भिशीसारखा सोपा उपाय आपल्याकडे दुसरा नाही. माणशी दरमहा दोनशे रुपये काढले तर पाच जणांचे हजार होतात, चार-पाच महिन्यांत एक पुस्तक येते, आणि पहिले पुस्तक येईपर्यंत फुकटच्या नियमांवर खेळून ते हवे आहे की नको हेही ठरलेले असते. दुसरे कोणते घ्यावयाचे ते मग मंडळींनी मिळून ठरवावे. मला विचाराल तर तयार कथांचा एखादा संग्रह घ्यावा, उदाहरणार्थ २०२२चा ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’, ज्यातील तेरा कथांपैकी एक मिमी मंडल ह्या बंगाली लेखिकेने शंखभूमी नावाच्या कल्पित प्रदेशावर रचली आहे. मात्र भिशी सुरू करतानाच एक कलम लिहून ठेवावे: मंडळी बंगळुरूची, आज ना उद्या कोणीतरी हैदराबादेस किंवा डब्लिनला बदलून जाणार, तेव्हा त्याच्या वाट्याचे पैसे परत करावे, पुस्तक फाडून वाटू नये, आणि ते त्या वेळी जो खेळ चालवीत असेल त्याच्याच कपाटात राहावे.